नोकरी सांभाळून बहुविषयक एम.ए. : हिशेब तासांचा आणि हेतूचा

पदवी घेऊन दहा-बारा वर्षे लोटली, नोकरी बऱ्यापैकी स्थिरावली, की अनेकांच्या मनात पुन्हा शिकण्याची इच्छा डोके वर काढते. पदवीच्या वयात विषय ठरला तो बारावीच्या गुणांवरून, घरच्यांच्या सांगण्यावरून किंवा जवळच्या महाविद्यालयात जागा मिळाली म्हणून. पस्तिशी-चाळिशीत जागे होणारे कुतूहल मात्र स्वतःचे असते आणि ते एका विषयाच्या चौकटीत क्वचितच मावते. वेर्ण्याच्या औषध कारखान्यातील रसायनशास्त्राच्या पदवीधराला आपल्या गावच्या गावकरीचा इतिहास समजून घ्यायचा असतो. बँकेत दिवसभर कर्जप्रकरणे तपासणाऱ्या वाणिज्य पदवीधर महिलेला घरकामाचे मोल अर्थशास्त्रात कुठे धरले जाते, असा प्रश्न पडलेला असतो. अशा प्रौढ विद्यार्थ्यांसाठी जगात ‘लिबरल स्टडीज’ या नावाने पदव्युत्तर शिक्षणाची एक वाट तयार झाली. गोव्यात राहून आणि नोकरी न सोडता तिच्यावरून चालता येते का, त्यासाठी किती वेळ द्यावा लागतो आणि अखेरीस हाती काय पडते, हे येथे पाहू.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केलेला बरा. ‘लिबरल’ म्हटले की मराठीत ‘उदारमतवादी’ हा शब्द जिभेवर येतो. परंतु तो राजकीय विचारांचा शब्द आहे. येथील ‘लिबरल’चे मूळ ‘मुक्त’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. मुक्त नागरिकाला शोभेल ते शिक्षण, म्हणजेच पोटापाण्याच्या विशिष्ट कौशल्यापलीकडचे शिक्षण, अशी ती जुनी कल्पना. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विद्या तिच्यात मोडत. गणित आणि संगीत एकाच यादीत असणे तेव्हा कुणाला खटकत नव्हते.

दुसरा घोळ ‘बहुविद्याशाखीय’ आणि ‘आंतरविद्याशाखीय’ या शब्दांचा. बातम्यांमध्ये हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि आम्ही उपसंपादक मंडळीही घाईत ते तसेच पुढे जाऊ देतो. फरक मात्र मोठा आहे. पाच विषयांचे पाच पेपर शेजारी-शेजारी ठेवले तर तो बहुविद्याशाखीय अभ्यासक्रम झाला. एकच प्रश्न सोडवण्यासाठी ते पाच विषय एकमेकांशी बोलू लागले तर तो आंतरविद्याशाखीय.

गोमंतकीय वाचकाला हे खाजन जमिनीच्या उदाहरणावरून चटकन पटेल. भरतीचे खारे पाणी बांधाने अडवायचे, मानशीच्या दारांनी त्याची ये-जा राखायची आणि आत भातशेती, मासळी व मीठ या तिन्ही गोष्टी साधायच्या, अशी ही शेकडो वर्षांची व्यवस्था आहे. अभियंता तिच्याकडे भरती-ओहोटीच्या गणिताने पाहील. इतिहासकार गावकरी संस्थेपाशी थांबेल. कायद्याचा अभ्यासक १९६४च्या कृषी कूळ कायद्याकडे बोट दाखवील, कारण त्यानंतर बांधांची देखभाल गावकरीकडून कूळ संघटनांच्या हाती जाऊ लागली. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला खारफुटी दिसेल, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला शेती सोडून नोकरीकडे वळलेली पिढी दिसेल. एखादा बांध फुटतो आणि खारे पाणी शेतात शिरते तेव्हा त्या घटनेचे कारण यांपैकी कोणत्याही एका विषयाच्या पुस्तकात सापडत नाही. ज्याच्या मनात असा प्रश्न आहे, त्याला एका विषयाची एम.ए. अपुरी वाटणे स्वाभाविक आहे.

अशा अभ्यासाचा आदर्श आपल्याकडे घरचाच आहे. १९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे पेशाने गणितज्ञ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नोकरीसाठी ते पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत. प्राचीन नाण्यांचा कालक्रम ठरवण्यासाठी त्यांनी हजारो नाणी तोलली आणि वापराने होणाऱ्या झिजेला संख्याशास्त्राची कसोटी लावली. १९५६मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना ठरलेला त्यांचा ग्रंथ आला. १९६२च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात तर गोव्याच्या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर स्वतंत्र लेख आहे. इतिहास हा त्यांच्या नोकरीचा विषय कधीच नव्हता. गोवा विद्यापीठात आंतरविद्याशाखीय अध्ययनासाठी स्थापन झालेल्या अभ्यागत संशोधन प्राध्यापकपदाला त्यांचेच नाव आहे, हे सर्वस्वी उचित होय.

मग कोसंबींना जे पदवीवाचून साधले, त्यासाठी इतरांना पदवी कशाला हवी? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे की प्रत्येकाजवळ कोसंबींची शिस्त नसते. कामावरून थकून आलेल्या माणसाला वाचनाची यादी, उत्तर लिहून देण्याची अंतिम तारीख आणि ते तपासणारा कुणी परका डोळा, या तीन गोष्टी लागतात. पदवीचा अभ्यासक्रम मुख्यतः या तीन गोष्टी पुरवतो. ज्यांना त्यांची गरज नाही त्यांनी ग्रंथालयाचे सभासदत्व घ्यावे आणि शुल्क वाचवावे.

शिक्षकांसाठी सुरू झालेली वाट

नोकरदार प्रौढांसाठीच आखलेला असा पदव्युत्तर अभ्यासक्रम प्रथम अमेरिकेत आकाराला आला. कनेक्टिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठाने १९५३ साली तो सुरू केला, तेव्हा समोर प्रामुख्याने शालेय शिक्षक होते. १९६२मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तोच मार्ग धरला. पुढे डार्टमथ, स्टॅनफर्ड अशी नावे जोडली गेली. सायंकाळचे वर्ग, एका वेळी एक-दोनच विषय, अनेक वर्षांत पदवी पूर्ण करण्याची मुभा आणि शेवटी विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या प्रश्नावरील प्रबंधिका, हा त्याचा साधारण साचा. तेथेही या पदवीने पगार वाढेल असे आश्वासन नव्हते.

भारतात ‘लिबरल स्टडीज’ हे नाव अधिक रुजले ते खासगी विद्यापीठांमुळे. सोनीपतच्या अशोका विद्यापीठाची २०११मध्ये सुरू झालेली यंग इंडिया फेलोशिप ही त्यातील ठळक, परंतु ती वर्षभराची पूर्णवेळ आणि निवासी आहे. नोकरी आणि घर सोडून हरयाणात राहणे ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी ती उत्तम. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या आवाक्यातील नव्हे. त्यामुळे नावाच्या मागे न लागता आशय शोधावा लागतो. ‘लिबरल स्टडीज’ असे लेबल नसले तरी प्रकृतीने आंतरविद्याशाखीय असलेले अभ्यासक्रम आपल्याकडे आहेत आणि ते मुख्यतः इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे इग्नूत आहेत. गांधी आणि शांतता अध्ययन, लिंगभाव आणि विकास अध्ययन, लोकसाहित्य आणि संस्कृती अध्ययन, विकास अध्ययन, पर्यावरण अध्ययन ही त्यांतली काही नावे. यांपैकी बहुतेकांना कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि वयाची अट नाही.

गोव्याचा विचार करता इग्नूवरच भर देण्याला कारण आहे. आपल्या राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यापीठ नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे नाव मराठी माणसाला जवळचे. परंतु राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांचे दूरस्थ शिक्षणाचे कार्यक्षेत्र सामान्यतः त्या राज्यापुरते मर्यादित असते. इग्नू १९८५च्या संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले, त्यामुळे देशभर चालणारे आणि पणजी विभागीय केंद्र असलेले विद्यापीठ आहे. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमांना राज्याच्या सीमेचे बंधन नसते, तोही एक पर्याय. ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठात शिकण्याचे सुख वेगळेच. पण तेथील नियमित वर्ग दिवसा भरतात. काणकोण किंवा पेडणे येथून रोज पणजीला नोकरीसाठी येणाऱ्या माणसाला दुपारी अकराच्या तासाला बसणे कसे जमावे?

एका क्रेडिटचे तीस तास

माहितीपत्रकात ‘कालावधी : दोन वर्षे’ असे छापलेले असते. नोकरदार विद्यार्थ्याला खरी माहिती देतो तो दुसरा आकडा, क्रेडिटचा. इग्नूच्या बहुतेक एम.ए. अभ्यासक्रमांना मिळून ८० क्रेडिट म्हणजे श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकासाठी ३० तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. वाचन, टिपणे, असाइनमेंट, समुपदेशनाचे वर्ग, सर्व त्यात आले. म्हणजे एकूण २,४०० तास. दोन वर्षांत पदवी हवी असेल तर आठवड्याला सुमारे २३ तास. दिवसाचे सव्वातीन तास, रविवार आणि सणवार धरून! आठ-नऊ तासांची नोकरी आणि दोन तासांचा प्रवास करणाऱ्याला हे जवळजवळ अशक्य आहे, आणि अनेकांचा अभ्यास पहिल्याच वर्षात का सुटतो त्याचे उत्तर याच भागाकारात दडलेले आहे.

पण त्याच माहितीपत्रकात कमाल कालावधी चार वर्षांचा असतो. तेच २,४०० तास चार वर्षांत पसरले तर आठवड्याला साडेअकरा तास होतात. कामाच्या पाच दिवशी रोज सव्वा तास आणि शनिवार-रविवार मिळून पाच-सव्वापाच तास. हे साधण्याजोगे आहे. म्हणून नोकरदाराने ही पदवी पहिल्या दिवसापासून चार वर्षांचीच मानावी, असे माझे मत आहे. दोन वर्षांचा हट्ट धरून दुसऱ्या वर्षी सोडून देणारा विद्यार्थी आणि शांतपणे चौथ्या वर्षी पदवी घेणारा विद्यार्थी यांच्यात बुद्धीचा फरक फारसा नसतो. येथे एक नियम मात्र ध्यानात ठेवायला हवा. पहिल्या वर्षाच्या परीक्षा दिलेल्या असोत वा नसोत, दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी ठरलेल्या मुदतीत करावी लागते. निकालाची वाट पाहत थांबणाऱ्यांचे पूर्ण सत्र वाया जाते.

हे तास येतात कुठून, हा प्रश्न गृहिणी-नोकरदार स्त्रियांच्या बाबतीत अधिक टोकदार होतो. पुरुष अभ्यासाला बसला की घर आवाज कमी करते. स्त्री अभ्यासाला बसली की ‘भाजीत मीठ किती घालू’ अशी विचारणा होते. चार वर्षे घरातील कामांची फेरवाटणी झाल्याशिवाय केवळ प्रोत्साहनाच्या शब्दांनी हे तास निर्माण होत नाहीत, आणि ही बोलणी अर्ज भरण्यापूर्वीच व्हायला हवीत. येथे दामोदर कोसंबींच्या वडिलांची आठवण होते. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, विद्येच्या ओढीने घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका असा प्रवास करीत ते पाली आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित झाले. त्या ज्ञानतपस्येचे कौतुक आपण करतो आणि ते योग्यच आहे. मागे राहिलेल्या बाळाबाईंच्या वाट्याला काय आले, हे मात्र क्वचित विचारले जाते. आज नोकरी आणि घर न सोडता शिकण्याची सोय आहे, तरी किंमत कुणीतरी मोजतेच.

परीक्षांचे वेळापत्रकही गोव्याच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावे. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. डिसेंबर हा हॉटेल, टॅक्सी, विमानतळ आणि एकूणच पर्यटनावर जगणाऱ्यांच्या धावपळीचा महिना. तेव्हा रजा मागणे म्हणजे मालकाशी वैर घेणे. अशांनी जूनच्या परीक्षेला अधिक पेपर ठेवावेत आणि डिसेंबरला एक-दोनच. शिक्षकांचे गणित वेगळे पडेल. असाइनमेंट परीक्षेपूर्वी द्याव्या लागतात, म्हणजे डिसेंबरच्या परीक्षेचे लेखन चवथीच्या आसपास सुरू झालेले असले पाहिजे. बहुतेक विषयांत असाइनमेंटला ३० टक्के आणि लेखी परीक्षेला ७० टक्के भार असतो. समुपदेशनाचे वर्ग सहसा सक्तीचे नसतात, तरी जमेल तेव्हा जावे. एकट्याने शिकताना सहाध्यायी मिळण्याची जागा तीच. आणि तीन तास हाताने लिहिण्याची सवय मोडलेली असते, याचा प्रत्यय पहिल्याच परीक्षेत येतो. संगणकावर काम करणाऱ्यांनी हाताने असाइनमेंट लिहिण्याचा कंटाळा करू नये. तीच बोटांची तालीम असते.

भाषेचा मुद्दा टाळता येणार नाही. या आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमांचे माध्यम बहुतांशी इंग्रजी, काहींचे हिंदी. मराठीतून शिकलेल्या माणसाला सुरुवातीचे सहा महिने जड जातात, विशेषतः सामाजिक शास्त्रांची परिभाषा. परंतु ज्याचा अभ्यासविषय गोव्याचे लोकजीवन आहे, त्याच्याजवळ मराठी आणि कोकणी साधनांचा जो साठा असतो तो इंग्रजी माध्यमातील सहाध्याय्याला सहज मिळत नाही. पणजीतील पाटो येथे असलेले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२पासूनचा वारसा सांगते. तेथील जुनी नियतकालिके आणि गोवा पुराभिलेखागारातील दफ्तरे ही प्रबंधिकेसाठी खाणच आहे. गावातल्या एका देवस्थानावर किंवा एका मिठागरावर नीट लिहिलेली साठ पाने, कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या सारांशापेक्षा मोलाची ठरतील.

पदवी चालते कुठे, अडते कुठे

दूरस्थ पदवीला मान्यता असते का, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. मान्यताप्राप्त संस्थेतून मुक्त, दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या समकक्ष आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या विनियमांत नमूद आहे. २०२२पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याचीही मुभा आहे. २०२४च्या पदव्युत्तर आराखड्याने पदवीचा विषय कोणताही असला तरी प्रवेश परीक्षेच्या बळावर दुसऱ्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा मार्ग खुला केला. विद्यापीठांनी तो कितपत अंगीकारला हे ज्या-त्या विभागाकडे विचारावे लागते.

अडचण मान्यतेची नसून ‘संबंधित विषय’ या दोन शब्दांची आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकपदासाठी आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार संबंधित किंवा संलग्न विषयात किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि नेटसारखी पात्रता लागते. नेटच्या विषययादीत ‘लिबरल स्टडीज’ नावाचा विषय नाही. स्त्री अध्ययन आहे, पर्यावरणशास्त्र आहे, लोकसाहित्य आहे. म्हणजे काही आंतरविद्याशाखीय पदव्यांना दार उघडे आहे, काहींना नाही. आणि जेथे दार आहे तेथेही जाहिरात देणारे महाविद्यालय इतिहासाच्या जागेसाठी इतिहासाचीच एम.ए. मागणार. ज्याला प्राध्यापक व्हायचे आहे त्याने भावनेच्या भरात बहुविषयक पदवी घेऊ नये, सरळ एका विषयाची घ्यावी. उत्तीर्ण होण्यासाठी इग्नूत ४० टक्के पुरतात, पण त्यांवर पुढचे दार उघडत नाही, हेही लक्षात असावे.

पीएच.डी.चे स्वप्न असेल तर २०२२च्या विनियमांनी अंशकालीन पीएच.डी.ला परवानगी दिली आहे; नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. परंतु ज्या विभागात जायचे आहे त्याने आपली एम.ए. ग्राह्य धरली आहे का, हे एम.ए.च्या प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. सरकारी कर्मचाऱ्यांनी तर एम.ए.लासुद्धा खात्याला आधी कळवून परवानगी घेतलेली बरी. पदोन्नतीच्या वेळी सेवापुस्तिकेत नोंद नसल्याने पदवी धरली गेली नाही, अशा तक्रारी ऐकायला मिळतात.

मग ही पदवी उपयोगी कुणाला? शाळेत समाजशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाला, पंचायत आणि जैवविविधता समितीवर काम करणाऱ्याला, स्वयंसेवी संस्थेतल्या कार्यकर्त्याला, पर्यटकांना वारसास्थळे दाखवणाऱ्या मार्गदर्शकाला, ग्रंथपालाला, पत्रकाराला. यांच्या हातात काम आधीपासून आहे. पदवी त्यांना नवी नोकरी देत नाही, पण आहे ते काम अधिक समजून करता येते. एखादा प्रादेशिक आराखडा वाचताना त्यातला नकाशा, कायदा आणि लोकांचे म्हणणे एकत्र धरता येणे, ही क्षमता गोव्यासारख्या जमिनीच्या प्रश्नांनी गांजलेल्या राज्यात छोटी नव्हे. बढतीची अपेक्षा ठेवून आलेला मात्र निराश होईल.

ज्याचे अजून ठरत नाही त्याच्यासाठी एक फुकटची परीक्षा आहे. इग्नूची बहुतांश पाठ्यपुस्तके ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. ज्या एम.ए.चा विचार आहे तिच्या पहिल्या वर्षाचा एक विषय निवडावा, त्याचे दोन घटक सलग सहा आठवडे, आठवड्याला अकरा-बारा तास देऊन वाचावेत आणि शेवटी दिलेल्या प्रश्नांपैकी दोनांची उत्तरे हाताने लिहून पाहावीत. सहा आठवडे निभावले आणि सातव्या आठवड्यात पुढचा घटक आपणहून उघडला गेला, तर अर्ज भरावा. नाही निभावले तर सहा महिन्यांचे प्रमाणपत्र किंवा ‘स्वयम्’वरील एखादा अभ्यासक्रम पुरेसा आहे, त्यात कमीपणा नाही. दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी आता शैक्षणिक श्रेयांक पेढीचा क्रमांक आणि त्यावर आधारलेला आयोगाचा डीईबी आयडी लागतो. आधार, दहावीचे प्रमाणपत्र आणि पदवीची गुणपत्रिका यांवरील नावाचे स्पेलिंग वेगवेगळे असेल तर हे क्रमांक काढतानाच अडचण येते. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांना याचा त्रास अधिक होतो, तेव्हा कागदपत्रांची दुरुस्ती प्रवेशाची जाहिरात येण्यापूर्वीच हाती घ्यावी. प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रांसाठी होतात.